संकट यायच्या आधी लिहिलेला कागद: पर्यावरण गट ऊर्जाधोरण नेमकं कसं वळवतात?

निळी_शाई (धागाकर्ती)

पर्यावरण संघटना म्हटलं की डोळ्यांसमोर येतात फलक, घोषणा, मानवी साखळी. त्यांचं मोल आहेच. पण तेलाचे भाव भडकतात, अणुभट्टी फुटते, एखाद्या देशाचा गॅस अचानक बंद होतो, तेव्हा सरकारला चार दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. त्या घाईत टेबलावर जो कागद तयार असेल, तोच उचलला जातो. माझं म्हणणं असं की संघटनांची खरी ताकद या कागदात असते, आणि तो संकटाच्या आधी लिहिलेला असावा लागतो. संकट सुरू झाल्यावर लिहायला बसलं की उशीर झालेला असतो.

जपानचंच बघा. ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला भूकंप झाला, मग त्सुनामी, मग फुकुशिमा. त्याच दिवशी सकाळी जपानी मंत्रिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं होतं: सौर, पवन वगैरे स्रोतांची वीज ठरलेल्या दराने विकत घेणं वीजकंपन्यांना बंधनकारक करणारं. एरवी ते संसदेत किती काळ रेंगाळलं असतं, कोण जाणे. पण फुकुशिमानंतर पंतप्रधान नाओतो कान यांनी पायउतार होण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत या विधेयकाची मंजुरी ही एक होती. ऑगस्ट २०११ मध्ये कायदा झाला आणि जुलै २०१२ पासून लागू झाला. तेत्सुनारी ईदा यांची शाश्वत ऊर्जाधोरणावर काम करणारी संस्था दहा वर्षांहून जास्त काळ अशा कायद्याची मांडणी करत होती. त्यांचं बोलणं आधी फार थोडे लोक ऐकायचे. संकटाने ऐकणारे वाढवले, पण सांगायचं काय ते आधीच ठरलेलं होतं.

आता थोडं स्वतःचं. मी गेली काही वर्षं एका लहान गटाबरोबर वीजप्रकल्पांच्या जनसुनावण्यांना जाते. माझ्याकडे काम असतं कागद वाचायचं. एका अहवालात पुढच्या वीस वर्षांच्या मागणीचा तक्ता होता. पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत गेले. वाढीचा दर दरवर्षी तोच, दशांशापर्यंत तोच. आणि मोजणी सुरू केली होती ती नेमकी एका जीवघेण्या उन्हाळ्याच्या वर्षापासून, म्हणजे पायाच फुगलेला. चक्रवाढीने तो फुगवटा विसाव्या वर्षापर्यंत अख्ख्या एका वीजकेंद्राएवढा झाला होता. सुनावणीत आम्ही एवढंच विचारलं, "आधीच्या पाच वर्षांची सरासरी पाया धरली तर काय होतं?" समोरच्यांनी उत्तरासाठी मुदत मागितली. त्या एका प्रश्नामागे तीन आठवड्यांची रात्रपाळी होती, पण दिवसभराच्या भाषणांनी जे साधलं नाही ते त्याने साधलं.

तुम्हाला ठाऊक असलेली उदाहरणं लिहा. विरोधी मतंही हवी आहेत, मनापासून.

---

उत्तरायण

धागा आवडला. १९७३ च्या तेलसंकटातल्या डेन्मार्कचा उल्लेख इथे हवाच.

त्या वेळी डेन्मार्कची जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव चौपट झाले. सरकारला आणि वीजकंपन्यांना उत्तर उघड दिसत होतं: अणुवीज. जानेवारी १९७४ मध्ये तिथे अणुऊर्जेबद्दल माहिती देणारी एक संघटना उभी राहिली, ओओए नावाने ओळखली जाणारी. तिची पहिली मागणी "अणुवीज नको" अशी नव्हती. ती मागणी होती तीन वर्षं थांबण्याची, म्हणजे लोकांना विषय समजून घ्यायला वेळ मिळेल. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. संकटात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे वेळ, आणि त्यांनी नेमकी तीच मागितली.

पुढे १९७६ मध्ये सरकारने आपला ऊर्जा आराखडा काढला. त्याच वर्षी विद्यापीठांतल्या काही शास्त्रज्ञांनी पर्यायी आराखडा काढला: अणुवीज वगळून, बचत, पवन, सौर यांचा हिशेब मांडून. दोन्ही आराखडे शेजारी ठेवून वाचता येतील अशा बेताने तो लिहिला होता. "हे नको" म्हणणाऱ्याला "मग काय हवं?" असं विचारून गप्प करता येतं. यांना तसं गप्प करता येईना. मार्च १९८५ मध्ये डॅनिश संसदेने अणुवीज नियोजनातूनच काढून टाकली.

---

साधी_शंका

माहितीपूर्ण चर्चा, वाचतेय. एक विचारायचं आहे. हे गट नवं ज्ञान तयार करतात, की आहे तेच सोपं करून सांगतात? म्हणजे यांच्यात खरोखर संशोधक असतात का?

---

निळी_शाई

साधी_शंका, दोन्ही करतात, आणि तिसरंही एक करतात: दडवलेलं बाहेर काढतात. तिन्हींची एकेक गोष्ट सांगते.

नवं तयार करणं. जर्मनीत राइन नदीकाठी व्हील नावाचं गाव आहे. तिथे अणुभट्टी होणार होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये द्राक्षमळेवाल्यांनी, शेतकऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी जागेचा ताबा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कळलं की शपथेवर बोलू शकेल असा तज्ज्ञ शोधायला जावं, तर तो एकतर उद्योगाचा नाहीतर सरकारचा. आपल्या बाजूचा प्रश्न विचारणाराच कुणी नाही! त्या अडचणीतून १९७७ मध्ये फ्रायबुर्गला ओको-इन्स्टिट्यूट ही स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. १९८० मध्ये त्यांनी तेल आणि युरेनियम यांच्याशिवाय समृद्धी कशी शक्य आहे याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात 'एनर्गीवेन्डं', म्हणजे ऊर्जेतलं वळण, हा शब्द होता. आज जर्मन सरकार आपल्या अधिकृत धोरणाला तोच शब्द वापरतं.

आहे ते वेगळ्या प्रकारे मांडणं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीला मोठी कोळसा आणि अणुवीज केंद्रं बांधायची होती. एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेतल्या वकील आणि अर्थतज्ज्ञांच्या छोट्या चमूने स्वतःचं संगणकीय प्रारूप तयार केलं आणि त्यात कंपनीचेच आकडे घातले. निष्कर्ष निघाला की बचत, सहनिर्मिती (एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही) आणि लहान स्रोत यांवर खर्च केला तर ग्राहकांचाही फायदा आणि भागधारकांचाही. नदी, जंगल, हवा यांबद्दल त्या युक्तिवादात फार काही नव्हतं. नियामक आयोगापुढे ज्या भाषेत बोललं जातं, ती भाषा ते शिकले होते. कंपनीने शेवटी तो मार्ग बऱ्याच अंशी स्वीकारला.

दडवलेलं बाहेर काढणं. दक्षिण आफ्रिकेत रशियाबरोबर ९.६ गिगावॅटच्या अणुवीजकेंद्रांचा करार होत होता आणि तिथल्या लोकांना त्याचा मजकूरच माहीत नव्हता. अर्थलाइफ आफ्रिका या गटाला रशियातल्या सहकारी पर्यावरण कार्यकर्त्यांकडून कराराची प्रत मिळाली. एका धर्माधारित पर्यावरण संस्थेला सोबत घेऊन ते कोर्टात गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये वेस्टर्न केप उच्च न्यायालयाने करार रद्दबातल ठरवला. लक्षात घ्या, तो देश तेव्हा कित्येक वर्षांच्या भारनियमनाने त्रासलेला होता. "वीज नाही" या ओरड्यात "संसदेत चर्चा झाली का?" हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं.

---

वातकुक्कुट

विरोधी मत हवं म्हणालात म्हणून लिहितो, राग मानू नका.

ज्ञान वापरणं आणि आपल्या मताला सोयीचं ज्ञान निवडणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि पर्यावरण गट कैकदा दुसऱ्या बाजूला घसरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅसचं संकट आलं. जर्मनीत तीन अणुभट्ट्या चालू होत्या. त्या वर्षी देशाच्या विजेत त्यांचा वाटा सुमारे सहा टक्के होता. त्याच वेळी राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं पुन्हा सुरू करण्यात आली. ज्यांनी आयुष्यभर कार्बनचा हिशेब मांडला, त्यांनी हा हिशेब कसा मांडला? बहुतेक मोठ्या गटांनी भट्ट्या ठरल्याप्रमाणे २०२२ अखेर बंद करण्याचाच आग्रह धरला. शेवटी मुदत थोडी वाढली आणि १५ एप्रिल २०२३ ला त्या बंद झाल्या. मला ही त्यांची मोठी चूक वाटते. तीस वर्षांपूर्वीचं उत्तर बदललेल्या प्रश्नाला चिकटवलं गेलं.

म्हणजे कपाटातला तयार कागद हीच अडचणही होऊ शकते. त्यावर तारीख जुनी असते.

---

उत्तरायण

वातकुक्कुट, तारखेचा मुद्दा पटला. जर्मनीबद्दल अर्धाच सहमत आहे. इंधनाच्या कांड्या, सुरक्षा तपासणी, मनुष्यबळ हे सगळं २०२२ अखेर बंद होणार असं धरूनच आखलेलं होतं. शिवाय गॅसचा मोठा भाग घरं तापवायला आणि कारखान्यांत जात होता, तिथे अणुवीज लगेच कामाला येत नाही. पण "आम्ही पुन्हा हिशेब करून पाहिला, हा बघा" असं त्यांनी ठळकपणे मांडायला हवं होतं, हे खरं.

आकडे किती टिकतात याचं एक बोलकं उदाहरण देतो. अमेरिकी ऊर्जातज्ज्ञ अमोरी लव्हिन्स १९७६ मध्ये फ्रेंड्स ऑफ द अर्थ या पर्यावरण संघटनेसाठी काम करत होते. तेलसंकटाच्या धक्क्यातून अमेरिका सावरत होती आणि सरकारी अंदाज सांगत होते की ऊर्जेची मागणी वाढतच जाणार. लव्हिन्स यांनी 'फॉरेन अफेअर्स' या नियतकालिकातल्या लेखात उलट आलेख काढला: कार्यक्षमता वाढवली तर २००० साली मागणी सरकारी अंदाजापेक्षा खूपच कमी राहील. तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. २००० साल उजाडलं तेव्हा प्रत्यक्ष मागणी त्यांच्या रेषेच्या अगदी जवळ होती. पण त्याच लेखात सौर आणि पवन यांचा वाटा तोवर फार मोठा होईल असं धरलं होतं, तसं मुळीच झालं नाही. एकाच लेखातला एक अंदाज अचूक ठरला, दुसरा साफ चुकला. म्हणून गृहीतकं उघडी ठेवणं महत्त्वाचं. त्यांनी ती ठेवली होती, म्हणूनच आज आपण तपासू शकतो.

---

मीटर_वाचक

चुकीच्या आकड्याची किंमत काय असते, ते ब्रेंट स्पारवरून कळतं. १९९५ साली शेल कंपनी उत्तर समुद्रातला हा तेल साठवण्याचा जुना तरंगता टॉवर खोल समुद्रात बुडवणार होती. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे लोक त्यावर चढले, युरोपभर बहिष्कार झाला, शेलने माघार घेतली. त्या धामधुमीत ग्रीनपीसने जाहीर केलं की टॉवरमध्ये ५,५०० टन तेल आहे. नंतर कळलं की नमुना घ्यायचं भांडं टाकीपर्यंत पोचलंच नव्हतं, ते टाकीकडे जाणाऱ्या नळीत अडकलं होतं. स्वतंत्र तपासणीत तेल निघालं शंभर टनांच्या आत. सप्टेंबर १९९५ मध्ये ग्रीनपीसने शेलची जाहीर माफी मागितली.

समुद्रात भंगार टाकू नये हा मूळ मुद्दा बरोबर होता. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी तशी बंदीही घातली. तरी कितीतरी वर्षं ग्रीनपीसने कुठलाही आकडा सांगितला की कुणीतरी ब्रेंट स्पारची आठवण काढायचं. मी मोजमापाच्या कामात आयुष्य घालवलंय, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागते. त्या एका नळीकडे कुणीतरी दोनदा बघायला हवं होतं.

---

कोरा_कागद

२०२२ चा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही लिहिते.

हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०२२ मध्ये, एम्बर, ई-थ्री-जी, बेलोना आणि रॅप या ऊर्जा आणि हवामानावर काम करणाऱ्या चार संस्थांनी एकत्र विश्लेषण मांडलं: २०२५ पर्यंत रशियन गॅसपैकी दोन तृतीयांश गॅसची गरज स्वच्छ वीज आणि बचत यांतून भागवता येईल. २०२१ मध्ये युरोपीय संघ रशियाकडून साधारण १५५ अब्ज घनमीटर गॅस घेत होता, म्हणजे ही छोटी गोष्ट नव्हती. इतक्या झटपट हे कसं जमलं? कारण प्रत्येक देशाच्या वीजव्यवस्थेची प्रारूपं, घरांच्या उष्णतेच्या गरजेचे तक्ते, हीट पंपांचे (विजेवर घर तापवणाऱ्या यंत्रांचे) हिशेब त्यांनी हवामानाच्या कामासाठी आधीच तयार ठेवले होते. प्रश्न 'कार्बन किती वाचेल?' ऐवजी 'गॅस किती वाचेल?' असा झाला आणि जुनीच यंत्रणा नव्या प्रश्नाला जुंपली.

क्रिया नावाच्या स्वच्छ हवेवर काम करणाऱ्या संस्थेने तर एक मोजपट्टीच लावली: युद्ध सुरू झाल्यापासून युरोपने रशियन तेल, गॅस आणि कोळशासाठी किती पैसे दिले, याचा चालू आकडा. जहाजांच्या हालचाली आणि पाइपलाइनच्या नोंदींवरून तो काढला जातो. दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत, संसदेतल्या भाषणांत तो आकडा दिसू लागला. निर्बंधांची बोलणी चालू असताना तो कुणालाही बाजूला सारता येईना.

ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ मध्ये गॅसचा वापर पंधरा टक्क्यांनी घटवायचं संघाने ठरवलं होतं, प्रत्यक्षात घट झाली अठरा टक्क्यांच्या आसपास. श्रेय एकट्या संघटनांचं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. हिवाळा सौम्य होता, आणि भावच इतके चढले होते की कारखान्यांनी आपोआप वापर कमी केला.

---

वातकुक्कुट

कोरा_कागद, मागचं श्रेय मोजताना हात आखडता घेतलात, बरं वाटलं. पण त्याच वर्षी घाईघाईने एलएनजीचे (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचे) तरंगते टर्मिनलही आलेच ना? तिथे यांच्या ज्ञानाने काय केलं?

---

कोरा_कागद

तिथे बऱ्याच अंशी हार झाली, आणि ती सांगायलाच हवी. मे २०२२ मध्ये जर्मनीने टर्मिनल लवकर बांधण्यासाठी खास कायदा केला. त्यात काही अटींवर पर्यावरण परिणाम मूल्यांकनच वगळता येत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला पहिलं टर्मिनल सुरू झालंसुद्धा. पर्यावरण गट ओरडून सांगत होते की एका-दोन हिवाळ्यांच्या अडचणीसाठी २०४३ अखेरपर्यंतची परवानगी का देताय? क्षमता गरजेपेक्षा जास्त होतेय याचे तक्तेही त्यांनी दिले. ऐकलं गेलं नाही. लोकांना घरात थंडी वाजायची भीती होती, आणि त्या भीतीपुढे २०४३ चा तक्ता फिका पडतो.

आणखी एक, यावर फारसं बोललं जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने आणीबाणीचा नियम करून अक्षय ऊर्जेचे प्रकल्प 'वरचढ सार्वजनिक हिताचे' मानायचे असं ठरवलं, त्यामुळे परवानग्या सोप्या झाल्या. यावर पर्यावरण चळवळीतच दुफळी दिसली. हवामानावर काम करणाऱ्या अनेकांना पवनचक्क्या पटकन उभ्या राहायला हव्या होत्या. पक्षी आणि अधिवासांवर काम करणारे विचारत होते, आमच्या वीस वर्षांच्या नोंदी आता कोण बघणार? दोघांकडे खरं ज्ञान होतं. मला आजही या प्रश्नाचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. तरी पक्ष्यांच्या नोंदी बाजूला सारून केलेली घाई मला पटत नाही.

---

मीटर_वाचक

सामान्य माणसांनी केलेल्या मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

फुकुशिमानंतर किरणोत्सार कुठल्या दिशेला पसरतोय याचे सरकारी अंदाज वेळेवर जाहीर झाले नाहीत. नामिए गावचे काही लोक सुरक्षित म्हणून जिथे गेले, तिथेच किरणोत्सार जास्त होता. त्याच महिन्यात सेफकास्ट नावाचा स्वयंसेवकांचा गट तयार झाला. त्यांनी मोजणीचं यंत्र आणि जीपीएस एका छोट्या पेटीत बसवलं, पेटी गाडीच्या काचेबाहेर बांधली आणि रस्त्यांवरून फिरत राहिले. दर पाच सेकंदांनी एक नोंद. सगळ्या नोंदी कुणालाही वापरता येतील अशा खुल्या ठेवल्या. अणुवीज हवी की नको, यावर त्यांनी बाजू घेतली नाही. जिथे आकडा कमी आला तिथे कमी आहे असंच सांगितलं, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

याच काळात सिटिझन्स न्यूक्लिअर इन्फर्मेशन सेंटर ही जुनी संस्थाही पुढे आली. १९७५ पासूनची. अणुरसायनशास्त्रज्ञ जिंझाबुरो ताकागी यांनी तिच्यासाठी उभं आयुष्य दिलं. अपघातानंतर लगेच तिच्या मंचावरून अणुभट्टीच्या कवचाच्या रचनेवर पूर्वी काम केलेले अभियंते लोकांना समजावत होते की आत काय घडत असेल. ताकागी २००० सालीच गेले होते. त्यांनी जमवलेली माणसं आणि कागद कामाला आले.

---

साधी_शंका

इतकं सगळं वाचून एक व्यावहारिक प्रश्न. समजा उद्या संकट आलं आणि 'तातडीचा उपाय' म्हणून एखादा प्रकल्प पुढे आला. माझ्यासारख्या बिगर-अभियंता माणसाने सगळ्यात आधी काय वाचावं?

---

निळी_शाई

मुदत. तातडीच्या उपायाची मुदत किती वर्षांची आहे ते आधी शोधा.

दक्षिण आफ्रिकेत भारनियमन कमी करायला तातडीच्या २,००० मेगावॅटची निविदा निघाली. त्यातले १,२२० मेगावॅट कारपॉवरशिप या कंपनीच्या बंदरात उभ्या राहणाऱ्या, गॅसवर चालणाऱ्या वीजजहाजांना मिळाले. करार किती वर्षांचा? वीस! ग्रीन कनेक्शन वगैरे गटांनी आधी तोच आकडा लोकांपुढे धरला. मग ते किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांकडे गेले आणि विचारलं की जहाजाच्या इंजिनांचा आवाज पाण्याखाली सतत राहिला तर मासे कुठे जातील? त्याचा नीट अभ्यासच झालेला नव्हता आणि मच्छीमारांना विचारलंही नव्हतं. जून २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने परवानगी नाकारली, तेव्हा हे मुद्दे त्या निर्णयात होते. पुढे निदान एका बंदरासाठी परवानगी मिळाली, तो भाग वेगळा. पण ज्यांच्याकडे पदवी नव्हती त्यांचं समुद्राबद्दलचं ज्ञान सरकारी फाइलमध्ये नोंदलं गेलं.

तर आधी मुदत. मग बघा, वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा स्थिर आकार किती आहे, आणि इंधन महागलं तर वाढीव भार कुणावर. ही तीन उत्तरं सहसा कराराच्या जोडपत्रांत असतात, मुख्य मजकुरात नाही, म्हणून शेवटच्या पानापासून मागे वाचत या. मागणीचा तक्ता दिला असेल तर पाया कुठल्या वर्षाचा धरलाय तेवढं बघून इथे टाका. पुढचे हिशेब आपण सगळे मिळून करू. मीटर_वाचक, तुम्ही मोजमापाची बाजू तपासाल का?

---

मीटर_वाचक

हो, नक्की. नमुना कुठून घेतला हेही सोबत लिहायला सांगा.